अलास्काची क्रूझ आणि कॅमेरा: बर्फासाठी मोठे जहाज, देवमाशासाठी छोटी बोट

गेल्या जूनमध्ये व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारी अलास्काची सात रात्रींची क्रूझ आम्ही चौघांनी केली. चौघे म्हणजे मी, माझा नवरा आणि व्हँकुव्हरजवळ सरे येथे राहणारी माझी ताई व भावोजी. जूनो, स्कॅगवे आणि केचिकन ही तीन बंदरे आणि मध्ये एक पूर्ण दिवस ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी, असा मार्ग होता. मी गेली बारा वर्षे हौसेने पक्ष्यांचे फोटो काढते आणि या सहलीवर खर्च केला तो मुख्यतः हिमनद्या आणि वन्यजीव टिपण्यासाठी. त्यामुळे हा अभिप्रायही त्याच दृष्टीने लिहिलेला आहे, आणि कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला या सहलीत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढेच मी सांगणार आहे.

भिगवणला आपण ज्या नावेत बसतो, तिचा नावाडी पक्ष्याच्या कलाने आणि उजेडाच्या दिशेने नाव फिरवतो. ताडोबात जिप्सी थांबवा म्हटले की थांबते. दोन हजार प्रवाशांचे जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, वळत नाही आणि पाण्यापासून दहा मजले उंचावरून चालते. हे लक्षात न घेता मी गेले असते, तर पहिल्या दोन दिवसांतच माझी निराशा झाली असती. आरक्षण करून देणाऱ्या प्रवासी संस्थेने (तिचे नाव मी देत नाही) आम्हाला ‘खोलीच्या बाल्कनीतून देवमासे दिसतील’ असे ठामपणे सांगितले होते. दिसले, हे खरे. लांब क्षितिजाजवळ उडालेला पाण्याचा फवारा आणि त्यामागे क्षणभर दिसलेली काळी पाठ, एवढ्यालाच दिसणे म्हणायचे असेल तर ते वाक्य खोटे नव्हते. पण त्यातून फोटो होत नाही, आणि फोटोसाठी जाणाऱ्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगणे त्या संस्थेचे काम होते.

मात्र ग्लेशियर बेचा दिवस हा या सहलीचा गाभा होता आणि त्या दिवसासाठी मोठे जहाज ही गैरसोय नसून सोय आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९२५ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९८० साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि तेथे एका दिवसात जास्तीत जास्त दोन मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश दिला जातो. त्यामुळे दिवसभरात आमच्या चौकटीत दुसरे मोठे जहाज जवळजवळ आलेच नाही. पहाटे बार्टलेट कोव्ह येथून एक छोटी बोट आमच्या चालत्या जहाजाला येऊन भिडली, उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीने वर चढले आणि दुपार टळेपर्यंत जहाजावरच राहिले. संपूर्ण सहलीत मला सर्वांत मोलाची वाटलेली सेवा कोणती, असे विचाराल तर ती या रेंजरांची, आणि तिच्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत.

रेंजर डेकवरच्या ध्वनिक्षेपकावरून बोलत होते आणि दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगत होते, म्हणजे जहाजाची नाळ (पुढचे टोक) बारा वाजता धरली तर अमुक प्राणी दोन वाजता किंवा दहा वाजता आहे, अशा रीतीने. दुर्बीण आणि टेलिलेन्स हाताळणाऱ्यांना याहून उपयुक्त सूचना कोणती असणार? एका खडकाळ कड्यावर पांढरे ठिपके दिसत होते आणि मी ते बर्फाचे तुकडे समजून सोडून देणार होते. त्या पहाडी शेळ्या आहेत आणि त्यांच्यात या वर्षीचे पिल्लू आहे, हे त्या आवाजामुळे कळले. साउथ मार्बल बेटावरचे समुद्रसिंह आणि पफिन पक्षी, पाठीवर पडून तरंगणारी समुद्री पाणमांजरे हे सारे त्यांनी वेळेवर दाखवले. अर्थात एवढ्या उंचीवरून आणि एवढ्या अंतरावरून यांपैकी कशाचाच भिंतीवर लावावा असा फोटो मला मिळाला नाही. नोंद म्हणून आणि आठवण म्हणून ते फोटो ठीक आहेत.

रेंजरांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट फोटोंच्या दृष्टीने फार कामाची ठरली. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतील माणसे येथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, कारण मुखापर्यंत बर्फ भरलेला होता. १९१६ पर्यंत तो बर्फ सुमारे १०० किलोमीटर आत सरकला. म्हणजे जहाज मुखातून आत जाते तेव्हा ते प्रथम सर्वांत आधी उघड्या पडलेल्या जमिनीजवळून जाते आणि शेवटी अगदी अलीकडे उघड्या पडलेल्या जमिनीपाशी पोहोचते. मुखाशी स्प्रूस वृक्षांचे दाट जंगल, मग अल्डरची खुरटी झुडपे, मग नुसते शेवाळ, आणि शेवटी खरवडल्यासारखा नागडा दगड. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून याच क्रमाचा अभ्यास केला आणि स्मारकाचा दर्जा मिळावा म्हणून पुढाकारही घेतला. हे ऐकल्यावर मी हिमनदीची वाट पाहत बसण्याऐवजी दर अर्ध्या तासाला एकाच भिंगाने, एकाच उंचीवरून किनाऱ्याचा एक फोटो काढत गेले. घरी आल्यावर ते चौदा फोटो ओळीने लावले, तेव्हा अडीच शतकांचा काळ डोळ्यांसमोर मागे सरकताना दिसला. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत चांगले काम तेच आहे. ही सारी भूमी हूना ट्लिंगिट या मूळनिवासी लोकांची मायभूमी. पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना अठराव्या शतकात येथून बाहेर पडायला लावले, आणि २०१६ साली बार्टलेट कोव्हला त्यांचे कुलगृह पुन्हा उभे राहिले, हेही रेंजरांनी विस्ताराने सांगितले.

टार खाडीच्या टोकाला मार्जरी हिमनदी आहे. तिची लांबी सुमारे ३४ किलोमीटर, तोंडाशी रुंदी सुमारे दीड किलोमीटर आणि पाण्यावर दिसणारा कडा साधारण ७५ मीटर उंच. हे आकडे वाचून काही कळत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की नुसत्या फोटोतूनही कळत नाही, कारण त्या चौकटीत माप सांगणारे काहीच नसते. मी काढलेल्या पहिल्या साठ-सत्तर फोटोंत तो कडा एखाद्या दगडी कंपाउंडच्या भिंतीएवढा वाटतो. नंतर कड्यासमोरून किटिवेक पक्ष्यांचा थवा गेला आणि त्या पांढऱ्या कणांमुळे एकदम उंची उमगली. तेव्हापासून मी पक्षी, तरंगत्या बर्फावरचा सील, कोपऱ्यातली छोटी बोट, असे काहीतरी चौकटीत येईपर्यंत थांबत गेले.

बर्फाचा निळा रंग टिपण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या जहाजावरच्या शंभरातल्या नव्वद जणांचे फोटो येथेच फसताना मी पाहिले. वर्षानुवर्षे दाबल्या गेलेल्या बर्फातून हवेचे बुडबुडे निघून जातात, प्रकाश त्यात खोलवर शिरतो, लाल भाग शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. त्यामुळे ताज्या तुटलेल्या जागी आणि भेगांच्या आत निळाई सर्वांत गडद असते. रखरखीत उन्हात वरचा पृष्ठभाग इतका चमकतो की तो रंग धुऊन निघतो, आणि ढगाळ हवेत तो खुलतो. आमच्या वाट्याला पूर्ण ढगाळ दिवस आला म्हणून आजूबाजूचे लोक हळहळत होते आणि मी मनातून आनंदले होते. चौकटीत बर्फच बर्फ असला की कॅमेरा त्याला करडा करून टाकतो, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) दोन तृतीयांश ते एक स्टॉप (उजेडाचे माप) वाढवावे लागते. पण चौकटीत काळे पाणी आणि काळा डोंगर जास्त असेल तर उलट बर्फच जळून जातो, म्हणून दर काही फोटोंनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहणे आवश्यक आहे. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच काढावेत, कारण कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (रंगछटा सुधारण्याची सोय) ही निळाई दोष समजून पुसू पाहते.

कडा कोसळतानाचा फोटो प्रत्येकाला हवा असतो आणि बहुतेकांचा तो हुकतो. याचे कारण साधे आहे. आमचे जहाज कड्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर उभे होते आणि आवाजाला तेवढे अंतर कापायला दीड सेकंद लागतो. गडगडाट ऐकून कॅमेरा उचलणाऱ्याला फक्त उसळलेले पाणी मिळते. माझी सुरुवातीची चार-पाच कोसळणी अशीच गेली. मग मी आवाजाकडे लक्ष देणे सोडले आणि जेथून बर्फाचा चुरा सारखा ओघळत होता अशा एका जागेवर लेन्स रोखून उभी राहिले. वीस मिनिटे काहीच घडले नाही, हात गारठले, नवऱ्याने दोनदा चहा आणून दिला. आणि मग त्या जागेचा मनोऱ्यासारखा एक सुळका आधी किंचित पुढे झुकला, पूर्ण शांततेत झुकला, आणि अख्खाच्या अख्खा खाली बसला. मी बर्स्टवर (सलग फोटो काढण्याच्या सोयीवर) बोट दाबून धरलेले असताना तो आवाज पोहोचला. ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘शुभ्र मेघगर्जना’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या बावीस फोटोंपैकी सहा उत्तम आहेत.

आता जहाजाच्या व्यवस्थेविषयी. ज्या कंपनीचे जहाज होते तिचे नाव न देता मी दोन तक्रारी नोंदवते, कारण अशा गोष्टी इतरांच्याही वाट्याला येऊ शकतात आणि आधी विचारून घेता येतात. जहाज मार्जरीसमोर साधारण तासभर थांबले आणि त्या तासात ते सावकाश पूर्ण वर्तुळात फिरले, ही व्यवस्था निर्दोष होती, कारण दोन्ही बाजूंना समान वेळ मिळाला. पण नाळेकडचा खालचा उघडा डेक, जेथून मध्ये काचही नाही आणि पाणीही तुलनेने जवळ आहे, तो त्या दिवशी उघडला जाणार आहे हे आदल्या दिवशी दिलेल्या छापील पत्रकात नव्हते. आम्हाला ते एका कर्मचाऱ्याकडून योगायोगाने कळले. वरच्या डेकवर बहुतेक ठिकाणी वारा अडवणाऱ्या उंच काचा आहेत, त्यांना किंचित रंग आहे आणि त्यांत पाहणाऱ्यांचे प्रतिबिंब पडते. शेकडो लोक त्याच काचांमधून फोटो काढत होते आणि त्यांना खालच्या डेकचा पत्ता नव्हता. दुसरी तक्रार छायाचित्रणाच्या सशुल्क कार्यशाळेची. ती हिमनदीच्या आदल्या दिवशी होती, म्हणून मी उत्सुकतेने गेले, परंतु तीत जेवणाच्या टेबलावर आणि जिन्यावर उभे राहून कुटुंबाचे फोटो कसे काढावेत एवढेच शिकवले. बर्फाच्या एक्सपोजरविषयी मी प्रश्न विचारला तेव्हा त्याचे उत्तर मिळाले नाही.

ताई-भावोजींची खोली बाल्कनीची होती आणि आमची आतली, खिडकी नसलेली. त्यांनी आमच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले होते. त्यामुळे दोन्हींची तुलना करता आली. ग्लेशियर बेच्या दिवशी बाल्कनीचा मला उपयोग झाला नाही, कारण तेथून एकच बाजू दिसते आणि शेजारच्या खोलीचा पडदा नेमका पुढची दिशा झाकतो. मात्र इनसाइड पॅसेज या बेटांमधल्या जलमार्गातून जाताना पहाटे चारला, जेव्हा जूनमध्ये तेथे उजाडलेले असते आणि बेटांमध्ये धुके अडकलेले असते, तेव्हा अंगावर शाल घेऊन त्या बाल्कनीत ताईबरोबर बसून काढलेले निसर्गदृश्यांचे फोटो मला फार प्रिय आहेत. तरीही निवड करायची झाल्यास मी आतली खोली घेऊन वाचलेले पैसे जूनोच्या बोटीवर खर्च करावेत, असेच सुचवेन.

जूनोची ती छोटी बोट ही या सहलीतली दुसरी मोठी गोष्ट. जूनो ही अलास्काची राजधानी असूनही बाहेरून तेथे येणारा एकही रस्ता नाही. बंदरातून बसने ऑक बे येथे नेतात आणि तेथून बोट सुटते. बंदरावर उतरताच अनेक जण तिकिटे विकत असतात, परंतु आम्ही महिनाभर आधी वीस-बावीस माणसांची बोट शोधून आरक्षण केले होते, कारण मोठ्या बोटीत कठड्याशी जागा मिळण्याची खात्री नसते. साडेतीन तासांत आम्हाला चार हंपबॅक देवमासे दिसले, आणि पाण्यापासून दीड मीटर उंचीवरून दिसले, हे महत्त्वाचे. दहाव्या मजल्यावरून देवमाशाच्या मागे नुसते पाणी येते. बोटीतून त्याच्यामागे जंगल, डोंगर आणि हिमशिखरे येतात.

अलास्काच्या पाण्यात हंपबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत जाण्यास कायद्याने मनाई आहे. आमच्या कॅप्टनबाईंनी हा नियम काटेकोर पाळला, इंजिन मंद ठेवले, आणि देवमासा स्वतःहून वळून जवळ येऊ लागला तेव्हा इंजिन गियरमधून काढून बोट नुसती तरंगत ठेवली. फोटोसाठी जवळ जा, असा आग्रह एका प्रवाशाने धरला, त्याला त्यांनी शांतपणे नकार दिला. मला त्या नकाराचे फार कौतुक वाटले, कारण पक्ष्यांच्या अगदी अंगावर नाव घालायला लावणारे छायाचित्रकार मी आपल्याकडे पाहिले आहेत आणि त्याने थवेच्या थवे उठून जातानाही पाहिले आहेत. शिवाय हे अंतर फोटोला मुळीच आड येत नाही. हंपबॅकची शेपटी त्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाएवढी, म्हणजे चार-पाच मीटर रुंद असते, आणि माझ्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीच्या लेन्सने ९१ मीटरवरची शेपटी चौकट भरून टाकते. ३०० मिमीची लेन्स पुरेशी आहे. त्याहून जड काही वाहून नेऊ नये.

देवमाशाची लय बोटीवरच्या निसर्ग-मार्गदर्शकाने सुरुवातीलाच समजावली, म्हणून आमचे फोटो साधले. तो पृष्ठभागाजवळ राहून काही वेळा श्वास घेतो, तेव्हा पाठ सपाट दिसते. मग एकदा पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते आणि त्यानंतर शेपटी बाहेर येऊन तो खोल जातो. कमान उंच झाली की बटण दाबायचे, शेपटीची वाट पाहायची नाही. शटर सेकंदाच्या १२५०व्या भागाहून संथ ठेवू नये, कारण देवमाशाबरोबर आपली बोटही हलत असते. तो खाली गेला की पाच-सात मिनिटे मिळतात आणि त्या वेळात बोटीतून पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनवरून आवाज ऐकवले गेले. अनेक देवमासे मिळून बुडबुड्यांचे कडे करून मासे धरतात, ते दृश्य आमच्या नशिबी नव्हते. परतताना बोयावर (पाण्यात तरंगणाऱ्या खुणेवर) बसलेल्या बाल्ड ईगलचा फोटो घेताना मला आपली ब्राह्मणी घार आठवली. पांढरे डोके आणि गडद अंग हा पेच दोघांचाही सारखाच आहे, आणि उपायही तोच की एक्सपोजर डोक्यासाठी धरावे आणि अंगातला तपशील नंतर वर काढावा.

स्कॅगवेला व्हाइट पास रेल्वे आहे, १८९८ ते १९०० या काळात बांधलेली, ९१४ मिमी रुळांची, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या ६१० मिमीपेक्षा रुंद पण त्याच घराण्यातली. डब्यांच्या टोकाला असलेल्या उघड्या सज्जात उभे राहिल्यास वळणावर पुढचे इंजिन आणि दरी एकत्र मिळते. वन्यजीव तेथे दिसले नाहीत. केचिकनला दिवसभर पाऊस होता, आणि वर्षाला सुमारे पावणेचार मीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्याची तक्रार करणे योग्य नाही. ताम्हिणीत वापरतो तेच पावसाचे कव्हर तेथे पुरले.

साहित्याबाबत थोडेच सांगायचे आहे. तिवई नेऊ नये, कारण जहाजाच्या इंजिनाची थरथर डेकमधून तिवईत आणि तिवईतून फोटोत उतरते. त्याच कारणाने लेन्स किंवा कोपर कठड्यावर टेकवू नये. धुरांड्याच्या मागच्या बाजूला उभे राहून काढलेला प्रत्येक फोटो गरम हवेने लिबलिबीत येतो. गारठ्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करावा, नाहीतर भिंगावर दव धरते आणि ते निवळायला अर्धा तास जातो. राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी आहे. भारतीय पासपोर्टवर या मार्गाने जायचे असेल तर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचा व्हिसा लागतो, आणि जहाज परत व्हँकुव्हरला येत असल्याने कॅनडाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असलेला बरा. आमचे सगळे नियोजन याच कागदपत्रांवर दोन महिने अडकले होते.

हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे नक्षीकाम प्रत्येकाचे वेगळे असते आणि त्यावरून तो ओळखता येतो, हे मार्गदर्शकाने सांगितले होते. पुण्याला परतल्यावर मी शेपट्यांच्या अकरा फोटोंतून खालची बाजू स्पष्ट दिसणारे दोन निवडले आणि हॅपीव्हेल या देवमासे ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर तारीख व ठिकाणासह पाठवले. एकाची ओळख पटली नाही. दुसऱ्याविषयी काही दिवसांनी ईमेल आली, त्यात त्याचा नोंद-क्रमांक होता आणि सोबत नकाशा होता, ज्यावर एक ठिपका जूनोजवळ, माझ्या फोटोचा, आणि त्याआधीचे दोन ठिपके हवाईच्या समुद्रात होते.